जुन्या फोनाचा जीर्णोद्धार

घरांतील एखादी वस्तु निकामी झाली असें केव्हां म्हणावें, या प्रश्नाचें उत्तर मागच्या पिढ्यांना सोपें होतें. घड्याळाची कमान तुटली, हंड्याला चीर पडली, छत्रीच्या काड्या मोडल्या, म्हणजे ती वस्तु निकामी झाली. आणि तीहि कायमची नव्हे, तर घड्याळजीची, तांबटाची किंवा छत्रीवाल्याची गांठ पडेपर्यंतच. स्मार्टफोनानें हा हिशेब पार उलटा केला. कांच शाबूत आहे, बोलणें स्पष्ट ऐकूं येतें, छायाचित्रें पूर्वींसारखींच उमटतात; आणि तरीहि ‘हा फोन आतां जुना झाला’ असा निकाल ज्यानें तो बनविला त्याच्याच कचेरींतून बाहेर पडतो. कांहींएक तुटलें नसतां वस्तु निकामी कशी ठरते, आणि अशा निकालांत निघालेल्या फोनांत पुन्हां प्राण घालण्याचा उद्योग कोणीं व कसा केला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. उबुंटू टच नांवाच्या एका प्रायोगिक प्रणालीच्या चरित्रांत तो विशेष स्पष्टपणें वाचावयास मिळतो.

प्रथम फोनाची घडण थोडक्यांत ध्यानांत घेतली पाहिजे. फोनाचे दोन भाग असतात. एक हाताला लागणारा: कांच, धातु, बॅटरी, कॅमेरा आणि गणित करणारी चिप. दुसरा हाताला न लागणारा: या सर्वांकडून कामें करवून घेणारी आज्ञावली, जिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. पहिला भाग वाड्याच्या भिंतींसारखा, तर दुसरा त्या वाड्याच्या कारभाऱ्यासारखा होय. भिंती एकदां बांधल्या कीं पुष्कळ वर्षें उभ्या राहतात. परंतु कारभाऱ्याला नित्य सावध राहावें लागतें. आज्ञावलींत रोज नवे दोष सांपडतात, परक्यानें आंत शिरावें अशा चोरवाटा उघडकीस येतात, आणि त्या बुजविण्यासाठीं निर्माता वेळोवेळीं दुरुस्त्या पाठवितो. त्यांनाच अपडेट असें नांव आहे. हे अपडेट बंद पडले, कीं भिंती कितीहि भक्कम असोत, वाडा राहण्यास धोक्याचा होतो.

या गोष्टीचें ठळक उदाहरण म्हणजे गॅलेक्सी नेक्सस हा फोन. गूगल व सॅमसंग या दोन कंपन्यांनीं मिळून तो २०११ च्या नोव्हेंबरांत बाजारांत आणला. पुढें २०१३ च्या ऑक्टोबरअखेर अँड्रॉइड प्रणालीची ४.४ ही आवृत्ति प्रसिद्ध झाली, तेव्हां गूगलनें जाहीर केलें, कीं अपडेट देण्याची मर्यादा अठरा महिन्यांची असून हा फोन त्या मर्यादेबाहेर गेला आहे. त्यांतली चिप बनविणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें २०१२ सालींच फोनांच्या चिपांच्या धंद्यांतून अंग काढून घेतलें होतें. म्हणजे दोन वर्षांपूर्वीं ज्याची वाखाणणी झाली, तो फोन दोन वर्षांनीं निराधार झाला. आणि त्यांतील एक खिळासुद्धां ढिला झालेला नव्हता.

याच सुमारास निराळ्या दिशेनें एक प्रयोग सुरू झाला होता. लंडन येथील कॅनॉनिकल या कंपनीनें २००४ सालापासून संगणकांसाठीं उबुंटू नांवाची, कोणासहि विनामूल्य घेतां व बदलतां येईल अशी प्रणाली प्रसिद्ध केली होती. कंपनीचे संस्थापक मार्क शटलवर्थ हे मूळचे दक्षिण आफ्रिकेंतले. हीच प्रणाली फोनावर आणण्याचा संकल्प २ जानेवारी २०१३ रोजीं जाहीर झाला, आणि २१ फेब्रुवारीस तिचा पहिला नमुना लोकांच्या हातीं पडला. तो चालविण्यासाठीं कंपनीनें नवा फोन काढला नाहीं. बाजारांत असलेले गॅलेक्सी नेक्सस व नेक्सस ४ हेच फोन निवडले. नमुना अगदींच कच्चा होता. फोन करतां येई, संदेश धाडतां येई, छायाचित्र काढतां येई; परंतु बाकीचीं बरींच चिन्हें नुसतीं देखाव्याचीं होतीं.

नेक्सस फोनच कां निवडले, यांत या इतिहासाचा अर्धा मर्म आहे. प्रत्येक फोनांत बूटलोडर नांवाची एक लहानशी आज्ञावली असते. ती देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखी आहे. फोन सुरू होतांच पहिल्यानें तीच जागी होते आणि कोणत्या प्रणालीस आंत घ्यावयाचें तें ठरविते. पुष्कळ निर्माते या पहारेकऱ्यास असें बजावून ठेवतात, कीं आमच्या मोहरेवांचून कोणासहि आंत सोडूं नये. नेक्सस फोनांच्या बाबतींत गूगलनें दार उघडण्याची आज्ञा स्वतःच प्रसिद्ध केली होती; शिवाय मूळची प्रणाली पुन्हां जशीच्या तशी घालतां यावी म्हणून तिच्या प्रतीहि सर्वांस खुल्या ठेविल्या होत्या. थोडक्यांत, फोन विकत घेणाऱ्याला वाड्याबरोबर वाड्याची किल्लीहि मिळत होती.

ही किल्ली चालविण्याचा विधि असा. फोन तारेनें संगणकाला जोडावयाचा, संगणकावरून दार उघडण्याची आज्ञा द्यावयाची आणि फोनाच्या पडद्यावर संमति दर्शवावयाची. संमति देतांच फोनांतील पत्रें, चित्रें, पत्ते सर्व पुसून जातें. हा जाच नव्हे. चोरलेल्या फोनाचें दार उघडून चोरानें धन्याचीं खाजगी पत्रें वाचूं नयेत, यासाठीं केलेली ती योजना आहे. त्यानंतर जुन्या प्रणालीच्या जागीं नव्या प्रणालीची संपूर्ण प्रत उतरवून घ्यावयाची आणि फोन पुन्हां सुरू करावयाचा. आरंभीं या सर्व आज्ञा अक्षर न चुकतां हातानें लिहाव्या लागत. पुढें या कामासाठीं इंस्टॉलर तयार झाला. त्यांत फोनाचें नांव निवडलें, कीं बहुतेक कामें तो आपण होऊन करतो. प्रत उतरत असतां तार निसटली किंवा दुसऱ्याच फोनाची प्रत पडली, तर पडदा काळाच राहतो. अशा निश्चेष्ट फोनाला या क्षेत्रांतले लोक ‘वीट’ म्हणतात. मात्र नेक्ससचा पहारेकरी शाबूत असला, तर मूळची प्रत पुन्हां घालून विटेचा बहुधा फोन करतां येई. दार उघडें असण्याचा हा दुसरा लाभ.

किल्ली तर मिळाली, पण वाड्याचा नकाशा मिळाला काय? अडचण नेमकी येथें होती. अँड्रॉइडच्या मुळाशीं लिनक्स नांवाचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा असतो. त्याच्या परवान्याप्रमाणें निर्मात्यांना त्याचा मूळ मजकूर प्रसिद्ध करावा लागतो. परंतु पडद्यावर चित्र उमटविणारे, कॅमेरा चालविणारे आणि बिनतारी संदेश घेणारे पुष्कळसे भाग चिपकंपन्या बंद पेटींत घालून देतात. ते चालतात, पण कसे चालतात हें बाहेरच्यास कळत नाहीं, आणि ते अँड्रॉइडपुरतेच बेतलेले असतात. कार्स्टन मंक यांनीं रचलेल्या लिबहायब्रिस नांवाच्या आज्ञावलीनें यावर युक्ति काढली. अँड्रॉइडची भाषा समजणाऱ्या त्या बंद पेट्या आणि साध्या लिनक्सच्या भाषेंत बोलणारी नवी प्रणाली, यांच्यामध्यें तिनें दुभाष्याचें काम पत्करलें.

उबुंटू टचची घडणहि यावरच उभी राहिली. २०१३ च्या पहिल्या नमुन्यांत उबुंटू हा अँड्रॉइडच्या घरांत राहणारा भाडेकरू होता. त्याच वर्षीं मांडणी उलटविण्यांत आली: उबुंटू घरधनी झाला, आणि अँड्रॉइडचा आवश्यक तेवढा अंश मागच्या एका खोलींत, बंद पेट्या सांभाळण्यापुरता, ठेवण्यांत आला. बाहेरून पाहणारास हें राज्य पूर्ण नवें वाटे. परंतु तिजोरीच्या किल्ल्या अद्याप जुन्या कारकुनाच्या कमरेलाच होत्या. हा कच्चा दुवा पुढें दहा वर्षांनीं अंगावर आला.

तत्पूर्वीं या प्रणालीला एक व्यापारी पर्व लाभलें. २०१३ च्या जुलैंत कॅनॉनिकलनें उबुंटू एज नांवाचा नवा फोन लोकवर्गणींतून काढण्याचा घाट घातला आणि ३ कोटि २० लाख डॉलरांची मागणी केली. महिन्याभरांत जमले सुमारें १ कोटि २८ लाख. रक्कम लहान नव्हे, पण संकल्पापुढें ती तोकडी पडली आणि ज्याचे पैसे त्याला परत गेले. त्याच ऑक्टोबरांत फोनांसाठीं पहिली स्थिर आवृत्ति निघाली. २०१५ च्या फेब्रुवारींत स्पेनमधील बीक्यू कंपनीनें ही प्रणाली घातलेला फोन युरोपांत विकावयास काढला, त्यामागून चीनमधील मेझू कंपनीचा फोन आला, आणि त्याच सालीं बीक्यूचे फोन भारतांतहि विक्रीस ठेवण्यांत आले. पण गिऱ्हाईक फार मिळालें नाहीं. अँड्रॉइड व आयफोन या दोन बलाढ्य राज्यांच्या मध्यें तिसऱ्यास पाय रोवतां येईना. अखेर ५ एप्रिल २०१७ रोजीं शटलवर्थ यांनीं फोनाचा उद्योग थांबवीत असल्याचें जाहीर केलें. ज्या प्रणालीनें टाकलेल्या फोनांस आसरा दिला, तीच आतां टाकली गेली.

सामान्यतः इतिहास येथें संपावयाचा. तो संपला नाहीं, याचें कारण मूळ मजकूर खुला होता. मारियस ग्रिप्सगार्ड या तरुणानें २०१५ सालींच यूबीपोर्ट्स नांवाचा उपक्रम सुरू करून ही प्रणाली निरनिराळ्या फोनांवर उतरविण्याचा सपाटा लावला होता. धनी निघून गेल्यावर या मंडळीनें गाडा ओढावयाचें ठरविलें, आणि २०१७ च्या जूनमध्यें आपला पहिला अपडेट प्रसिद्ध केला. यांत बहुतेक मंडळी स्वयंसेवक होती. कोणी दिवसा नोकरी करून रात्रीं दुरुस्त्या लिही, कोणी भाषांतर करी, कोणी आपल्या जुन्या फोनावर नवी आवृत्ति चालवून दोष कळवी. पुढें या मंडळाची जर्मनींत रीतसर संस्था झाली. एखाद्या देवळाचें वतन खालसा झाल्यावर गांवकऱ्यांनीं वर्गणी काढून दिवाबत्ती चालू ठेवावी, तसाच हा प्रकार होता.

त्यांची अपडेट देण्याची पद्धतिहि समजून घेण्यासारखी आहे. प्रणालीचा भाग आणि वापरणाऱ्याचा खाजगी मजकूर हे दोन निरनिराळ्या कोठारांत असतात. प्रणालीच्या कोठारास कुलूप असतें; वापरणाऱ्यानें सहज हात घालून तें बिघडवूं नये अशी व्यवस्था असते. नवा अपडेट आला, कीं फोन तो उतरवून घेतो, बंद होऊन एका निराळ्या दुरुस्तीच्या अवस्थेंत जागा होतो, कोठार बदलतो आणि पुन्हां सुरू होतो. खाजगी मजकूर जागच्या जागीं राहतो. अपडेटाचे प्रवाहहि तीन. नुकतें लिहिलेलें सर्व कांहीं पहिल्यांत येतें आणि तो जोखमीचा असतो. परीक्षेस बसविलेलें दुसऱ्यांत. आणि परीक्षेंत उतरलेलें तेवढें तिसऱ्या, स्थिर प्रवाहांत. रोजच्या कामाचा एकच फोन असेल त्यानें स्थिर प्रवाहांत राहावें, आणि ज्याच्या खणांत जास्तीचा फोन असेल त्यानें जोखमीच्या प्रवाहांत उतरून दोष शोधावे, असा हा सोयीचा श्रमविभाग होता.

२०१८ च्या ऑगस्टमध्यें या मंडळीनें मोठा पल्ला गांठला. तोंवरची प्रणाली उबुंटूच्या १५.०४ या आवृत्तीवर उभी होती, आणि त्या आवृत्तीस दुरुस्त्या मिळणें केव्हांच बंद झालें होतें. चौथ्या अपडेटानें सारा पाया १६.०४ या आवृत्तीवर नेला. २०१२ चा नेक्सस ४ आणि २०१३ चा नेक्सस ५ यांस गूगलकडून नवी प्रणाली येणें थांबलें होतें. तरी यूबीपोर्ट्सच्या हातून त्यांना अपडेट मिळत राहिले. निर्मात्यानें सोडल्यावर कित्येक वर्षें हे फोन पुन्हां कामास आले, हें श्रेय लहान नाहीं.

पण कच्चा दुवा आतां पुढें आला. १६.०४ या आवृत्तीची नियमित मुदत २०२१ च्या एप्रिलांत संपली, आणि पाया पुन्हां हलविणें प्राप्त झालें. २०.०४ या आवृत्तीवरील पहिला अपडेट २०२३ च्या मार्चमध्यें निघाला. त्याच्या यादींत नेक्सस ४ नव्हता, नेक्सस ५ हि नव्हता. कारण सांगण्यासारखें आहे. या दोन्ही फोनांचा कर्नल लिनक्सच्या ३.४ या, म्हणजे २०१२ सालच्या आवृत्तीचा. नव्या पायास त्याहून पुढचा कर्नल लागतो. कर्नल बदलावा, तर चिपकंपनीच्या त्या बंद पेट्या नव्या कर्नलशीं जुळत नाहींत. आणि पेट्या उघडून जुळवाव्या, तर नकाशा कोणाजवळ नाहीं. स्वयंसेवकांची निष्ठा कमी पडली नाहीं, फोनाची शक्तिहि कमी पडली नाहीं. कमी पडलें तें ज्ञान, आणि तें ज्ञान कुलुपांत होतें.

दुसरी अडचण बाहेरच्या जगांतून आली. फोन हा एकट्यानें जगणारा प्राणी नाहीं. त्याला तारायंत्रासारखेंच दुसऱ्या टोंकाचें साहाय्य लागतें. भारतांत ५ सप्टेंबर २०१६ रोजीं रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. तिचें जाळें केवळ चौथ्या पिढीचें, म्हणून बोलणेंहि त्याच जाळ्यावरून जावयाचें. ही सोय ज्या फोनांत किंवा ज्या प्रणालींत नसेल, तो त्या जाळ्यावर मुका. अमेरिकेंत २०२२ सालीं मोठ्या कंपन्यांनीं तिसऱ्या पिढीचीं जाळीं बंद केलीं, तेव्हां तेथील कित्येक जुन्या फोनांवर हीच पाळी आली. त्यांत पैशाच्या व्यवहाराची भर पडली. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें २०१६ सालीं यूपीआय ही पद्धति आणली, आणि भाजीवाल्यापासून वाण्यापर्यंत सर्वत्र फोनानेंच पैसे देण्याचा परिपाठ पडला. ज्या ॲपांतून हे पैसे जातात, तीं अँड्रॉइड व आयफोनसाठीं लिहिलेलीं. आणि देवडीचें कुलूप काढलेला फोन पाहिला, कीं त्यांतलीं पुष्कळशीं काम करण्यास नकार देतात. बँकेची भीति अगदींच निराधार नव्हे; पण ज्यानें प्रामाणिकपणें आपलाच फोन दुरुस्त केला, तोहि यांत चोराच्या रांगेंत उभा राहतो.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ ठरला काय? तसें म्हणतां येणार नाहीं. ज्या वर्षीं कॅनॉनिकलनें हात टेकले, त्याच २०१७ सालच्या मे महिन्यांत ऑलिव्हर स्मिथ यांनीं पोस्टमार्केटओएस नांवाचा दुसरा प्रकल्प जाहीर केला. फोनाला निदान दहा वर्षांचें आयुष्य लाभावें, हा त्याचा उद्देश. त्याचा मार्ग मात्र निराळा: दुभाष्यावर फार दिवस विसंबावयाचें नाहीं, तर प्रत्येक फोनाचा नकाशा स्वतः काढून तो लिनक्सच्या मूळ कर्नलमध्यें कायमचा जमा करावयाचा. हा मार्ग लांबचा व कष्टाचा आहे. पण नोकिया कंपनीनें २००९ च्या अखेरीस काढलेला एन९०० हा फोन त्याची साक्ष देतो. त्याची स्मृति अवघी २५६ मेगाबाइट, म्हणजे नेक्सस ४ च्या आठवा हिस्सा. तरीहि त्याचा बराचसा नकाशा मूळ कर्नलमध्यें जमा झालेला असल्यामुळें त्या फोनावर आपल्या जन्मानंतर कित्येक वर्षांनीं निघालेले कर्नल चालूं शकले. दुबळा एन९०० पुढें गेला आणि सबळ नेक्सस मागें राहिला. एकाचें ज्ञान सर्वांस खुलें होतें, दुसऱ्याचें अर्धें झांकलेलें होतें, एवढाच काय तो फरक.

बाजारानेंहि या काळांत आपली भूमिका बदलली. ज्या गूगलनें २०१३ सालीं अठरा महिन्यांची मर्यादा सांगितली, त्याच गूगलनें २०२३ च्या ऑक्टोबरांत पिक्सेल ८ या फोनाला सात वर्षें अपडेट देण्याचें वचन दिलें. पुढच्याच जानेवारींत सॅमसंगनेंहि फोनांच्या एका नव्या मालिकेपुरतें तेंच वचन दिलें. युरोपीय संघानें फोनांचे सुटे भाग व अपडेट यांविषयीं केलेले नियम २० जून २०२५ पासून अमलांत आले. अठरा महिने आणि सात वर्षें हें अंतर मोठें आहे. एखादी वस्तु किती दिवस टिकावी हें तिच्या घडणीपेक्षां तिच्या घडविणाऱ्याच्या मनावर किती अवलंबून असतें, याचा हा पुरावा होय. कारण या दहा वर्षांत कांच किंवा धातु कांहीं पांचपट टिकाऊ झाले नाहींत.

तथापि वचन म्हणजे हक्क नव्हे. सात वर्षांचें वचन आठव्या वर्षीं संपतें, आणि तेव्हां पुन्हां तोच प्रश्न उभा राहतो. उबुंटू टचच्या इतिहासानें त्या प्रश्नाचे दोन भाग स्पष्ट करून ठेविले आहेत. पहिला किल्लीचा: विकत घेतलेल्या वस्तूचें दार धन्यास उघडतां आलें पाहिजे. दुसरा नकाशाचा: निर्मात्यानें वस्तु सोडली, तर तिच्या अंतर्भागाचें ज्ञान तरी त्यानें मागें ठेविलें पाहिजे. किल्ली मिळाली म्हणून नेक्सस फोन आणखी कांहीं वर्षें जगले. नकाशा मिळाला नाहीं म्हणून ते अखेर थांबले. तांबटाला हंडा दुरुस्त करतां येई, कारण हंड्यांत गुप्त असें कांहीं नसे. ज्या वस्तूंत शेंकडों लोकांची बुद्धि आणि पृथ्वीच्या पोटांतून काढलेले दुर्मिळ धातु खर्ची पडले आहेत, तिला कुलुपांतल्या ज्ञानाअभावीं अडगळींत टाकावें लागणें, हा तोटा एकट्या गिऱ्हाइकाचा नाहीं. यूबीपोर्ट्सच्या त्या स्वयंसेवक मंडळीनें दहा वर्षें हा तोटा आपल्या अंगावर घेऊन जगास तो मोजून दाखविला. त्यांचें खरें काम हेंच समजलें पाहिजे.